साडूभाऊंची बोर्निओतली खाण

"मी यंदा जिल्हा परिषदेतून ५८व्या वर्षी निवृत्त झालो. पेन्शन सुरू झालीय. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, अंशराशीकरण आणि रजेचे पैसे मिळून ३४ लाख हातात आले, त्याला दोन महिने होत आले. मोठे साडू इंडोनेशियातल्या सोन्याच्या खाणीत १२ लाख गुंतवा म्हणून मागे लागलेत. बोर्निओ बेटावर सिंगापूरच्या एका कंपनीकडे परवाना आहे, जमिनीखाली २० लाख औंस सोनं सापडलंय, दीड वर्षात कंपनी शेअर बाजारात येणार आणि तोवर दरमहा २ टक्के परतावा, असं ते सांगतात. पैसे पुण्यातल्या एका फर्मच्या खात्यावर भरायचे. साडूंनी स्वतः ६ लाख घातलेत, सहा महिने पैसे वेळेवर येतायत. चार माणसं आणली तर त्यांना काही शेअर फुकट मिळणार आहेत. बायको म्हणते, ताईच्या घरचं माणूस फसवेल का? मुलगा म्हणतो, ही कंपनी सोडा, पण तांबं, निकेल, लिथियम यांना पुढे मरण नाही, आशियातल्या खाणींत थोडा पैसा हवाच. काय करू?"
— एक वाचक, सांगली

नमस्कार.

१२ लाख भरू नका. १२ हजारही नकोत. पत्रासोबत तुम्ही पाठवलेली पुस्तिका वाचली. कंपनीचं आणि फर्मचं नाव इथे छापत नाही. या उत्तरासाठी त्याची गरजही नाही.

आधी दरमहा २ टक्क्यांचं बघू. पुस्तिकेनुसार कंपनी अजून "शोध" टप्प्यात आहे. म्हणजे ती ड्रिलिंग करते, नमुने तपासते, भूगर्भतज्ज्ञांना पगार देते. या टप्प्यावर खाण कंपनीकडे पैसा फक्त बाहेर जातो, विकायला एक ग्रॅमही सोनं नसतं. मग साडूंना दरमहा मिळणारे १२ हजार कुठून येतात? सहा महिन्यांचे ७२ हजार झाले. त्यांच्याच ६ लाखांतून ७२ हजार परत दिले तरी फर्मकडे ५ लाख २८ हजार उरतात. तुमचे १२ लाख आले की आणखी बरेच महिने साडूंचे हप्ते वेळेवर येतील. पैसे वेळेवर येतायत, यावरून खाण आहे एवढंही सिद्ध होत नाही.

दुसरी खूण म्हणजे पुण्यातलं खातं. परदेशी कंपनीचे शेअर घ्यायला भारतीय माणसाला बंदी नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेत, जिला बँकेत सगळे एलआरएस म्हणतात, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पण ते जातात तुमच्या बँकेतून, तुमच्या पॅनवर, ए-टू फॉर्म भरून. वर्षात १० लाखांच्या पुढच्या रकमेवर बँक कर कापून घेते, पुढे आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात नोंद करावी लागते, आणि बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीचे शेअर घ्यायचे तर नियम आणखी कडक होतात. पुण्यातल्या फर्मच्या चालू खात्यावर आरटीजीएस केलं की यातलं काहीच घडत नाही. तुम्ही सिंगापूरच्या कंपनीचे भागीदार होत नाही, पुण्यातल्या एका माणसाला पैसे दिलेले असतात, एवढंच.

आता २० लाख औंसांकडे. पुस्तिकेत त्याला सोन्याच्या आजच्या भावाने गुणलंय आणि आलेला आकडा पानभर छापलाय. हा गुणाकार खाणधंद्यातला कुठलाही शहाणा माणूस करत नाही. २० लाख औंस म्हणजे सुमारे ६२ टन सोनं. टनाला एक ग्रॅम एवढं प्रमाण धरलं, आणि आजकाल अशा खाणी चालतात, तर ६२ टन सोन्यासाठी सव्वासहा कोटी टन दगड फोडून, दळून, रसायनातून काढावा लागेल. त्यावरची माती आणि निरुपयोगी दगड वेगळा. त्यासाठी कारखाना, वीज, रस्ता, बंदर आणि गाळाचं धरण लागतं. सोनंही सगळं सुटत नाही, काही टक्के दगडातच राहतं. हा सगळा खर्च वजा करून जे उरेल ते, तेही बऱ्याच वर्षांनी, कंपनीचं. बऱ्याचदा काहीच उरत नाही, म्हणून तर जगातली बहुतेक सापडलेली सोन्याची ठिकाणं जमिनीतच राहतात.

जमिनीतल्या आकड्याला पायऱ्याही असतात. चार भोकं पाडून मधल्या दगडातही तेच असेल असं गृहीत धरलं की होतो इन्फर्ड रिसोर्स. भोकं जवळजवळ पाडली, खर्चाचा आणि भावाचा हिशेब बसला, परवाने दिसू लागले की त्यातल्या काही भागाला रिझर्व्ह म्हणतात. पुस्तिकेत बारीक अक्षरात "इन्फर्ड" लिहिलंय. आपल्याकडचं उदाहरण आठवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियमची बातमी आली आणि भारत लिथियमची महासत्ता झाल्याचे मथळे छापून आले. तोही अनुमानित साठाच होता, आणि ते टनही खनिजाचे, धातूचे नव्हेत. सरकारने लिलाव काढला तेव्हा पुरेशा कंपन्या पुढे आल्या नाहीत, लिलाव रद्द करावा लागला.

बोर्निओ आणि सोनं हे शब्द शेजारी आले की खाणधंद्यातल्या माणसाला ब्रे-एक्स आठवतंच. तुमच्या साडूंना ही हकीकत अवश्य सांगा, कारण ती पुण्याच्या फर्मसारख्या किरकोळ ठिकाणी घडलेली नाही. कॅनडातल्या कॅल्गरीची ही छोटी कंपनी. तिने १९९३ मध्ये बोर्निओच्या इंडोनेशियन भागात, पूर्व कालिमंतानमधल्या बुसांग इथे क्षेत्र घेतलं. पुढच्या साडेतीन वर्षांत साठ्याचा आकडा वाढत वाढत ७ कोटी १० लाख औंसांवर गेला. काही सेंटला मिळणारा शेअर इतका चढला की कंपनीची बाजारातली किंमत ६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर पोचली. मोठमोठ्या खाण कंपन्या भागीदारीसाठी भांडल्या, राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या घरातली आणि मर्जीतली माणसं मधे पडली. इतका मोठा साठा आहे की नाही यापेक्षा तो कोणाला मिळणार यावरच सगळे खल करत होते.

ड्रिलने दगडाचा जो लांब दांडा बाहेर येतो, त्याला कोअर म्हणतात. तो उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा पेटीत जपून ठेवायचा, ही जगभरची रीत. पुढे कोणाला शंका आली तर राहिलेला अर्धा तपासता येतो. बुसांगला बहुतेक सगळा कोअर दळून टाकला जात होता. सोनं फार विखुरलेलं आहे, म्हणून पूर्ण नमुना लागतो, असं कारण देत. ते कित्येक तज्ज्ञांनी ऐकलं आणि मान डोलावली. मार्च १९९७ मध्ये भागीदार होऊ घातलेल्या फ्रीपोर्ट कंपनीने जुन्या भोकांच्या शेजारीच स्वतःची भोकं पाडली. सोनं नगण्य निघालं. त्याच महिन्याच्या १९ तारखेला बुसांगवर काम बघणारा कंपनीचा भूगर्भतज्ज्ञ मायकेल दे गुझमान हेलिकॉप्टरमधून पडून मेला. २७ मार्चला एका दिवसात शेअर ८० टक्क्यांहून जास्त कोसळला. मे महिन्यात स्ट्रॅथकोना या स्वतंत्र संस्थेने अहवाल दिला: दळलेल्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं. त्याचे कण नदीच्या सोन्यासारखे कडा झिजलेले, गोलसर होते. फुटलेल्या दगडातून निघालेलं सोनं तसं दिसत नाही. भिंगाखाली बघणाऱ्याला ते आधीच दिसू शकलं असतं.

यात ऑन्टारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचेही पैसे बुडाले. हाताशी विश्लेषकांची फौज असलेला हा फंड. आणि तुरुंगात कोण गेलं? कोणीच नाही. कंपनीचा मुख्य भूगर्भतज्ज्ञ जॉन फेल्डरहॉफ २००७ मध्ये निर्दोष सुटला. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त हेच खुपतं. या घोटाळ्यानंतर, २००१ मध्ये, कॅनडाने नियम आणला, की साठ्याचा आकडा जाहीर करायचा तर नाव-पात्रता असलेल्या तज्ज्ञाने त्यावर सही करून जबाबदारी घ्यायला हवी. तुमच्या पुस्तिकेत अशी सही कुठे आहे? मला दिसली नाही. ज्या प्रयोगशाळेने नमुने तपासले तिचंही नाव नाही. परवान्याचा नंबर नाही. इंडोनेशियाच्या ऊर्जा व खनिज मंत्रालयाच्या "मोडी" या संकेतस्थळावर परवानाधारक कंपन्यांची नोंद सापडते, आणि सिंगापुरात कंपनी खरंच नोंदलेली आहे का हे तिथल्या "आक्रा" या निबंधकांकडे बघता येतं. मुलाला एक संध्याकाळ त्या कामाला बसवा. नोंद सापडली म्हणून मात्र हुरळून जाऊ नका. सिंगापुरात कंपनी काढायला खाण लागत नाही.

मुलाचा मुद्दा वेगळा आहे आणि तो मला फेकून द्यावासा वाटत नाही. धातूंची मागणी वाढणार, हे खरं. पण मागणी वाढली म्हणजे खाणवाल्याच्या शेअरधारकाला पैसे मिळाले, असं होत नाही, आणि निकेल हे त्याचं ताजं उदाहरण. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली: माल हवा तर इथे येऊन कारखाना घाला. चिनी कंपन्यांनी सुलावेसीवर मोरोवालीसारखी अजस्र संकुलं उभी केली. आज जगातलं निम्म्याहून जास्त निकेल इंडोनेशियातून निघतं. बॅटऱ्यांची मागणी ठरल्याप्रमाणे वाढली, पुरवठा त्याहून वेगाने वाढला आणि २०२३ पासून भाव ढासळला. बीएचपीसारख्या बलाढ्य कंपनीला २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला निकेलचा धंदा थांबवावा लागला. लिथियमचं तेच झालं: नोव्हेंबर २०२२ च्या शिखरावरून भाव ८० टक्क्यांहून अधिक पडला, आणि त्या काळात विजेवर चालणाऱ्या गाड्या तर वाढतच होत्या. मोरोवालीची किंमत कामगारांनीही मोजली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका भट्टीच्या स्फोटात २१ माणसं गेली. गुंतवणुकीच्या पुस्तिकांमध्ये हे पान नसतं.

आशियात दुसरा धोका सरकारांचा. खाण उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हे प्रत्येक सरकारला पक्कं माहीत असतं. सुरुवातीला पैसा आणि तंत्र हवं असतं तेव्हा सवलती मिळतात, कोट्यवधी डॉलर जमिनीत गाडून झाले की करार पुन्हा उघडला जातो. किरगिझस्तानात ४,००० मीटर उंचीवरची कुमतोर ही सोन्याची खाण कॅनडाची सेंटेरा कंपनी चालवत होती. मे २०२१ मध्ये सरकारने ताबा घेतला. वर्षभराने तडजोड होऊन खाण कायमची गेली, बदल्यात सरकारकडे असलेले सेंटेराचे स्वतःचे शेअर कंपनीला परत मिळाले. बलुचिस्तानातल्या रेको दिकला जगातल्या मोठ्या तांब्या-सोन्याच्या साठ्यांपैकी एक आहे. तिथे २०११ मध्ये खाणपट्टा नाकारला गेला, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने पाकिस्तानला ५.८ अब्ज डॉलरच्या आसपास भरपाई द्यायला सांगितली, २०२२ मध्ये समेट होऊन निम्मी मालकी बॅरिक या कॅनडाच्या खाण कंपनीकडे आणि निम्मी पाकिस्तानकडे अशी नवी मांडणी झाली. अकरा वर्षांत दगड हलला नाही, वकिलांचं मात्र बरं चाललं. मंगोलियातल्या ओयू तोलगोईचा तांब्या-सोन्याचा साठा २००१ मध्ये सापडला. भूमिगत खाणीतून उत्पादन सुरू व्हायला २०२३ उजाडलं, खर्च ५.३ अब्ज डॉलरवरून ७ अब्जांच्या घरात गेला. ही यशस्वी खाण आहे, बरं का. यशालाही बावीस वर्षं लागली आणि मधल्या काळात छोटे भागधारक टिकले किती?

असं फक्त परदेशात होतं असं समजायचं कारण नाही. गोव्यात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये लोहखनिजाचं काम थांबलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने नूतनीकरण झालेले सगळे ८८ खाणपट्टे रद्द केले. डिचोली, सत्तरी, सांगे भागात ज्यांनी बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांच्या दारात ते उभे राहिले, बार्जवाल्यांचंही तेच. न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणत नाही. जे उपसणं चाललं होतं ते थांबवायलाच हवं होतं. पण एका निकालाने एक अख्खा धंदा थांबू शकतो, हे खाणीत पैसा घालणाऱ्याने धरून चालावं.

मग कमावतं कोण? कमावतात, त्यांचंही सांगायला हवं. गडचिरोलीतल्या सुरजागडचा लोहखनिजाचा पट्टा लॉईड्स मेटल्सला २००७ मध्ये मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे ऐंशीच्या आसपास वाहनं जाळली. काम खऱ्या अर्थाने जोरात सुरू झालं २०२१ नंतर, आणि त्यानंतर शेअर अनेक पटींनी वाढला. गावकऱ्यांचा विरोध, जंगल, धुळीने भरलेले रस्ते हे प्रश्न तिथे अजून आहेत. आज जो तो "मी २०२० मध्ये घेतला असता तर" म्हणतो. २००७ मध्ये घेऊन चौदा वर्षं थांबलेला माणूस मला कोणी दाखवत नाही. उलट टोकाला कोल इंडिया: कोळसा आहे, खाणी चालू आहेत, सरकार मालक आहे. २०१० मध्ये शेअर २४५ रुपयांना विकला गेला. दहा वर्षांनी, २०२० च्या उत्तरार्धात, भाव त्याच्या निम्म्यावर होता. लाभांश मात्र दरवर्षी येत राहिला, आणि २०२४ मध्ये भाव ५०० च्या वर गेला. लाभांश घेत बसणाऱ्याला दुःख नव्हतं, दुप्पट व्हायची वाट बघणारा मधेच विकून गेला.

तेव्हा मुलाला माझं म्हणणं असं सांगा. एकाच देशातली, एकाच परवान्यावर उभी, अजून शोधच घेणारी कंपनी तुमच्या वयाच्या माणसासाठी नाही. ती यशस्वी झाली तरी दहा-पंधरा वर्षं लागतील आणि दर वेळी पैसे कमी पडले की कंपनी नवे शेअर काढून तुमचा हिस्सा पातळ करत जाईल. या क्षेत्रात राहायचंच असेल तर चालू खाणी असलेल्या, कर्ज बेताचं असलेल्या, लाभांश देणाऱ्या नोंदणीकृत कंपन्या, किंवा जगभरच्या खाण कंपन्यांत पैसे लावणाऱ्या इथल्या म्युच्युअल फंडांच्या योजना बघा. मोठ्या कंपन्यांनाही धक्के बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातल्याच ग्रासबर्गच्या भूमिगत खाणीत चिखलाचा लोंढा घुसून सात कामगार गेले, काम थांबलं आणि फ्रीपोर्टचा शेअर आपटला. दहा ठिकाणी पैसे असले तर असा धक्का सोसतो. तुमच्या ३४ लाखांपैकी यासाठी दोन लाख पुरे, तेही वर्षभरात थोडे थोडे. आणि खाणीचं आकर्षण नसून सोन्याचंच असेल, तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे सोन्यात पैसे ठेवणाऱ्या फंडाची शेअर बाजारात मिळणारी युनिटं, घ्या. त्यात परवाना, गाव, भट्टी, मंत्री यातलं काहीच मधे येत नाही.

उरलेल्या रकमेचं एक काम मात्र तातडीचं आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत साधारण ६० वर्षांनंतर पैसे ठेवता येतात, पण ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. कमाल मर्यादा ३० लाख, व्याज गेला बराच काळ ८.२ टक्के, दर तिमाहीला हातात. तुमचे दोन महिने होत आलेत. निवृत्तीचा आदेश आणि पैसे मिळाल्याचे कागद घेऊन याच आठवड्यात पोस्टात किंवा बँकेत जा. गरजेपुरते बाजूला ठेवून किती घालायचे ते तुम्ही ठरवा, पण तारीख चुकवू नका. बाकी मांडणीसाठी सेबीकडे नोंदणी असलेला, फी घेऊन सल्ला देणारा सल्लागार गाठा. कमिशनवर योजना विकणारा नको.

आता साडू. वहिनींना सांगा, ताईच्या घरचं माणूस फसवतंय असं मलाही वाटत नाही. ते स्वतःच अडकलेत आणि त्यांना ते अजून कळलेलं नाही. म्हणून "तुम्ही मला फसवताय" हे वाक्य तोंडातून काढू नका. "सगळे पैसे पोस्टात टाकले, पाच वर्षं हलवता येत नाहीत" म्हणा. हे पूर्ण खरं नाही, मुदतीआधी दंड भरून काढता येतात, पण एवढ्या खोटेपणाला माझी हरकत नाही. मग एकटे असताना त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, मुद्दलातले निम्मे पैसे परत मागून बघा. धंदा खरा असेल तर काही दिवसांत मिळतील. "आत्ता काढलेत तर लिस्टिंगचा फायदा जाईल", "लॉक-इन आहे", "दिल्लीहून मंजुरी यायचीय" अशी उत्तरं आली तर काय ते समजेल. दोन, फुकट शेअरसाठी चार माणसं आणू नका. ठरावीक परताव्याचं आश्वासन देऊन अशा रीतीने पैसे गोळा करणं २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात आणि महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात येऊ शकतं. २०१९ च्या कायद्यात अशा योजनेचा प्रचार करून लोकांना ओढणं हाही गुन्हा आहे. फर्मवाला गायब झाला की पोलिसांत जाणारे लोक ज्याने घरी येऊन चहा पिता पिता पुस्तिका दाखवली त्याचंच नाव आधी सांगतात. साडूंना हे तुमच्याकडून कळलेलं बरं.

त्यांना पैसे परत मिळेनात तर वाट बघत बसू नका. बँकेच्या नोंदी, पुस्तिका, व्हॉट्सॲपवरचे निरोप काहीही न पुसता जपून ठेवायला सांगा आणि त्यांच्यासोबत आर्थिक गुन्हे शाखेत जा. फर्मची खाती रिकामी व्हायच्या आत जितके लवकर पोचाल तितकं त्या खात्यांत काहीतरी शिल्लक असण्याची शक्यता जास्त.